सगळ्यांनी घ्यायचा श्वास

फोन आला तेव्हा त्याच्या तोंडात खिळे होते. खुर्चीला कापड चढवताना एका हाताने कापड ताणून धरावं लागतं, दुसऱ्या हातात हातोडी असते, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा, ही त्याची उमेदवारीपासूनची सवय. समोर दातांच्या डॉक्टरांची खुर्ची उताणी पडली होती. फोन त्याने कोपरानेच चालू केला, तो तसाच बाकावर राहिला आणि पलीकडचा आवाज सगळ्या दुकानभर झाला. "मी स्टुडिओतून बोलतोय," आवाज म्हणाला. त्याची बायको जिथे सिनेमांना आवाज द्यायला जायची, तिथले हे मुख्य. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. "हं," तो म्हणाला. "त्यांना एकाएकी त्रास झाला. आम्ही लगेच गाडीत घातलं. पण वाटेतच…" "हं." "तुम्ही ऐकताय ना?" "हं." सर म्हणाले, "तुम्ही फार धीराचे आहात." फोन बंद झाल्यावर त्याने ओंजळ तोंडाखाली धरली आणि खिळे एकेक करून बाहेर काढले. एक गालाच्या आतल्या बाजूला रुतला होता. रडू यायच्या आधी त्याला थुंकावं लागलं. पुढे सरांनी आल्यागेल्याला सांगितलं की नवरा खंबीर निघाला, एक शब्द बोलला नाही. त्यांना माफ करू नये असं पुढे याहून कितीतरी मोठं त्याला सापडलं, पण सुरुवात इथून झाली. त्या माणसाने त्याच्या तोंडातले खिळे पाहिले नव्हते आणि त्याच्या गप्प राहण्याला परस्पर नाव देऊन टाकलं होतं.

बायकोचं काम ऐकायचं, दिसायचं नाही. परक्या भाषेतले सिनेमे आपल्या भाषेत बोलते करायचे. त्यात नायिकेचा आवाज कुणा नाव असलेल्या बाईंचा, आणि उरलेल्या सगळ्या बाया हिच्या. शेजारीण, भाजीवाली, तुरुंगातली पहारेकरीण, आगीतून पळणारी, मुलगा हरवलेली. संध्याकाळी घरी आली की पिशवी ठेवता ठेवता सांगायची, "आज दोनदा मेले आणि एकदा बाळंत झाले." तो म्हणायचा, "मग बस तू, आज स्वयंपाक मी करतो." ती म्हणायची, "नको, मेलेल्या माणसाला तुमच्या हातचं नका खायला घालू, पुन्हा उठायची नाही मी." मग ती आपल्या खुर्चीत बसायची. त्या खुर्चीचं कापड मधोमध फाटलं होतं आणि एक स्प्रिंग वर आली होती. तिच्यावर चादरीची घडी ठेवून ती जरा तिरकी बसायची. रोज म्हणायची, सगळ्या जगाच्या बुडाखाली मऊ आणि बायकोच्या बुडाखाली स्प्रिंग. तो म्हणायचा, या रविवारी करतो. रविवार यायचा, त्याला झोप यायची. भांडण असं नव्हतंच ते. दारावरच्या घंटेसारखं होतं, घरात आलं की वाजायचं.

शेवटचं काम तिला फार आवडलं होतं. अंतराळातल्या जहाजाचा एक विनोदी सिनेमा होता. जहाजावर तीन खुळी माणसं आणि त्यांची देखभाल करणारं एक यंत्र, उपड्या घातलेल्या पातेल्यासारखं, खाली चाकं, दोन बारीक हात. "मुख्य काम आहे माझं," ती म्हणाली, "आणि या बाईला तोंडच नाही!" म्हणजे कसं, तर पडद्यावरचे ओठ हलतात तितक्यातच शब्द बसवायचे ही या धंद्यातली जन्माची कटकट, या यंत्राला ओठच नव्हते, एक हिरवा दिवा होता, तो चालू असेपर्यंत काहीही बोला. तिने मग काहीही बोलायला सुरुवात केली. सर खूश होते. घरातली वाक्यं ती उचलून न्यायची आणि रात्री जेवताना हसत हसत कबूल करायची, "आज तुमचं ते 'बघू, करू, कुठे पळून चाललंय' घातलं." तो म्हणायचा, "मला विचारलंस का?" ती म्हणायची, "पळून कुठे चाललंय, विचारीन की."

ती गेल्यानंतर तिची शाल, चष्मा आणि जेवणाचा डबा आणायला तो स्टुडिओत गेला. स्टुडिओ तळमजल्यावर होता, एका छापखान्याच्या मागे. सर नव्हते. म्हातारे ध्वनिमुद्रक होते. त्यांनी डबा धुऊन ठेवला होता आणि तो त्याच्या हातात द्यायच्या ऐवजी ते स्वतःच्याच हातात धरून बसले. मग सांगायला लागले, त्याने न विचारता. तो प्रसंग असा होता: यंत्र एका खुळ्याला पाठीवर घेऊन शिडी चढतं, बॅटरी संपत येते, आणि ते म्हणतं, "थांब रे बाबा, जरा बसू दे." पुढे एक श्वास. दोन टेक झाले, सरांना पसंत पडले नाहीत, फार नाटकी वाटले. तिसऱ्या टेकला तिने वाक्य म्हटलं आणि असा काही श्वास घेतला की बाहेर मशीनपाशी बसलेले सगळे खो खो हसले. सर म्हणाले, टेक ओके, परत लावा. परत लावला. परत हसले. "दार उघडलं नाही आम्ही," ध्वनिमुद्रक म्हणाले. "लाल दिवा आहे तोवर आत कुणी जायचं नाही आणि आतल्याने बाहेर यायचं नाही, ही आमची शिस्त. दिवा बंद करायचं ध्यानातच आलं नाही कुणाच्या. आम्ही ऐकत होतो ना. मग सरांनी बटण दाबून विचारलं, 'बाई, हे कसं काय जमवलंत?' आतून उत्तर येईना, तेव्हा काचेतून पाहिलं." डबा त्यांनी टेबलावर ठेवला. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच काचेतून पाहिलं असतं तर…" ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरने ते आधीच पुरं केलं होतं: सांगता येत नाही.

तो टेक काढला असेल, असं तो धरून चालला होता. कुणीही धरून चालला असता. मग सिनेमा लागला, आणि एका सकाळी बसमध्ये, तो रेक्झिनची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता तेव्हा, एक जाडे गृहस्थ चढले, दांडा धरून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांब रे बाबा, जरा बसू दे," आणि त्यांनी श्वास घेतला. आत ओढलेला, मध्ये कुठेतरी अडकलेला, शेवटी बारीक शीळ येणारा. सगळी बस हसली. त्याने उठून त्यांना जागा दिली. काय करतोय हे त्याला कळलं नाही, एवढंच कळलं की हा श्वास आपल्या ओळखीचा आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, भांड्यांचं टोपलं उचलताना, गेल्या वर्षभरात घरात अधूनमधून ऐकलेला, आणि ती म्हणायची, वय झालं हो. त्या दिवसापासून तो सगळीकडे ऐकू यायला लागला. बँकेच्या रांगेत, लिफ्टपाशी, न्हाव्याकडे. ज्याला दम लागेल तो तिचा दम लावत होता. तिच्या साऱ्या आयुष्यात कुणी तिचा आवाज रस्त्यात ओळखला नव्हता, आणि आता शहरभर तिचं मरण लोकांच्या तोंडी झालं होतं, आणि ते मरण आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं त्यांनीच ते ठेवलं होतं. त्याने सरांना फोन केला. सर म्हणाले, "अहो, त्यांची आठवण म्हणून ठेवला. किती लोकप्रिय झालाय बघा. कलावंताला आणखी काय हवं?" या वेळी त्याच्या तोंडात खिळे नव्हते, तरी तो बोलला एवढंच, "हं."

सिनेमा उतरला तसा एका जुन्या चित्रपटगृहाने तो रविवार दुपारसाठी ठेवून घेतला. तिथे येणारे सगळे पुन्हा पुन्हा येणारे. पडद्याबरोबर वाक्यं म्हणायची, ओरडायचं, शिट्या मारायच्या, हाच त्या खेळाचा रिवाज झाला. एका रविवारी सर पाहुणे म्हणून येणार अशी पाटी बाहेर लागली. त्या चित्रपटगृहाच्या अर्ध्या खुर्च्या त्यानेच शिवलेल्या होत्या, व्यवस्थापक ओळखीचे होते. तो त्यांना म्हणाला, पाहुण्यांना कुठे बसवणार? व्यवस्थापक म्हणाले, "तुम्हीच सांगा बुवा, करकरत नाही अशी खुर्ची कुठली? मागच्या पाहुण्यांची मान अवघडली होती." त्याने रांग सांगितली, खुर्ची सांगितली. त्या रांगेतल्या पाठींच्या फळ्या ओलीने कुजल्या होत्या, आणि व्यवस्थापकांनी नव्या फळ्या नकोत म्हटल्यावर त्याने नुसते पट्टे ताणून त्यावर स्पंज आणि रेक्झिन घातलं होतं. बसायला बरी होती खुर्ची. पाठीला लाकूड नव्हतं. आपल्यासाठी त्याने तिच्या बरोब्बर मागची मागून घेतली. निघताना चामडं कापायची रापी त्याने कोटाच्या खिशात टाकली. ती रोजच खिशात असते असं म्हणता आलं असतं. पण रविवारी नसायची.

सर आले ते लोकांच्या टाळ्यांतूनच. ठेंगणे, नीटनेटके, मानेवर केस बारीक कापलेले, आणि पाठ मात्र रुंद, पोहणाऱ्याची असावी तशी. दिवे मालवले आणि एकदम आजूबाजूला घरातल्यासारखा कलकलाट सुरू झाला. त्याच्या शेजारी एक मास्तरीणबाई बसल्या होत्या, मांडीवर पॉपकॉर्नची पिशवी, पायाशी छत्री. "पहिल्यांदाच वाटतं?" त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. "मग माझ्याकडे बघत राहा. मी म्हणेन तसं म्हणायचं. लाजायचं नाही. वर्गात लाजणारे असतात ना, तेच नापास होतात." पुढच्या रांगेतून एक जण वळून म्हणाला, "बाई, आज तरी परीक्षा नका घेऊ." "तू पुढे बघ. तुझा अभ्यास कच्चा आहे. मागच्या खेपेला उल्केच्या आधीच ओरडलास." पडद्यावर जहाज आलं, तिघे खुळे आले, आणि मग अंधारातून हिरवा दिवा लागला. "मावशीऽऽ!" सगळं सभागृह ओरडलं. यंत्राला इथे सगळे मावशीच म्हणत होते. दिवा लुकलुकला आणि तिचा आवाज आला.

त्याने स्वतःला तयार केलं होतं. पण तयारी त्याने शेवटच्या श्वासाची केली होती, तिच्या नुसत्या बोलण्याची केली नव्हती. "कोण आहे रे तिकडे? पाय पुसून या," ती म्हणाली. पाय पुसून या, सभागृह म्हणालं. अंतराळात पाय कशाला पुसायचे म्हणून लोक हसले. तो मात्र आपल्या घराच्या दाराशी उभा होता, चपलांना भुसा लागलेला, आणि ती आतल्या खोलीतून न बघताच सांगत होती. मग ती जेवण गरम करून देईना, मग तिने कप्तानाला सांगितलं की तुमच्यापेक्षा जहाज शहाणं, ते निदान सरळ तरी जातं. एकेक वाक्य तिने त्यांच्या स्वयंपाकघरातून उचललेलं होतं आणि ते पडद्यावर आलं की शेकडो माणसं ते तिच्याबरोबर म्हणत होती. लोकांनी आपल्या घरात शिरून कपाटं उघडावीत, आणि त्यात आपलीच उशी मांडीवर घेऊन बसावं, तसं त्याला होत होतं. त्याला त्यांचा राग आला. मास्तरीणबाईंचा आला, शिट्या मारणाऱ्यांचा आला, मागे कुणी लहान मूल खिदळत होतं त्याचाही आला. तुम्हाला काय कळतंय, तो मनात म्हणत होता, तुमच्या बापाची आहे का ती? आणि तेवढ्यात पडद्यावर तिघांतला यंत्रज्ञ खुळा कप्तानाची खुर्ची उघडून दुरुस्त करत बसला, हिरवा दिवा त्याच्या मागून आला, आणि ती म्हणाली, "वा वा! सगळ्या जगाच्या बुडाखाली मऊ, आणि माझ्या बुडाखाली स्प्रिंग!" "तुला बूड कुठंय मावशी?" सभागृहाने एका आवाजात विचारलं. तो हसला. आवरायच्या आत हसला, पोटातून, जसा तिच्यासमोर हसायचा तसा. मास्तरीणबाईंनी त्याच्या दंडावर थाप मारली. "जमतंय की!" पुढे सरांचे खांदे हलत होते. तेही हसत होते. आपल्याला तिने हसवलं आणि त्याच वाक्यावर हा माणूसही हसला, हे त्याला इतकं लागलं की त्याने खिशात हात घालून रापीची मूठ धरली आणि मध्यंतरापर्यंत सोडली नाही.

मध्यंतरात व्यवस्थापकांनी सरांना पडद्यासमोर बोलावलं, हातात माइक दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर छान बोलले. बोलणं हाच धंदा. मग मागून कुणीतरी ओरडून विचारलं, "सर, मावशीचा तो श्वास कसा सुचला?" सभागृह हसलं, चार-सहा जणांनी तिथल्या तिथे घेऊनही दाखवला. त्याला वाटलं, आता. आता हा माणूस सांगेल. सांगायला लागतं किती? ती बाई त्यातच गेली, आम्हाला कळलं नाही, आम्ही हसत होतो. एवढं म्हटलं तरी पुरे. मी उठून घरी जाईन, खुर्ची शिवायला घेईन. सरांनी माइक या हातातून त्या हातात घेतला. "त्याची गंमत आहे," ते म्हणाले. "त्या बाईंना मी म्हटलं, नाटकी नको. जा, जिना चढून या. चार मजले चढवलं त्यांना. धापा टाकत आल्या आणि थेट माइकसमोर उभं केलं! कला म्हणजे काय, कष्टच." केवढ्या टाळ्या पडल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बघा. उगाच नाही होत काही." त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून त्यांनी त्याच्याकडे जरा नाराजीने पाहिलं.

पुन्हा अंधार झाला. सर त्याच्या पुढे येऊन बसले, पाठ टेकली, खुर्चीने त्यांना नीट धरलं. तो पुढे वाकला, त्यांच्या कानापाशी. "तुमचा स्टुडिओ तळमजल्यावर आहे," तो म्हणाला. "चार मजले कुठले चढवलेत?" सरांनी मान वळवली नाही. पण केसांखालची मान एकदम ताठ झाली. "कोण?" "खुर्चीवाला." पडद्यावर काहीतरी फुटलं, लोक ओरडले. ओरडणं ओसरल्यावर सर खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, आपण नंतर बाहेर बोलू." "बाहेर मला काही काम नाही. श्वास येईल तेव्हा तुम्ही उठायचं आणि सांगायचं." "अहो, काय सांगायचं? लोक हसायला आलेत." "तेच." "मला खरंच वाटलं की अभिनय आहे. आईशप्पथ." "पहिल्यांदा वाटलं असेल. परत लावलात तेव्हा?" सरांचा हात कॉलरकडे गेला. "आणि ती गेल्यावर ठेवलात तेव्हा काय वाटलं?" "शूऽ!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "काय चाललंय तुमचं दोघांचं? बाकावर उभं करीन."

तो मागे सरकला. रापी खिशातून बाहेर आली होती. त्याने अंधारात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तळहात फिरवला. इथे शिवण, इथे पट्टा, इथे दुसरा पट्टा, आणि दोहोंच्या मध्ये चार बोटांची जागा जिथे नुसतं रेक्झिन आणि स्पंज. टोक टेकवलं आणि रेक्झिन आपलंआपण उघडलं, कसलाही आवाज न करता. आपल्याच हातची शिवण आपण उसवतो आहोत याचं त्याला वाईट वाटलं, आणि अशा वेळी त्याचं वाईट वाटावं याची लाज वाटली. स्पंज कापायला काहीच लागत नाही. दोन बोटं आत गेली. पुढे फक्त पुढच्या बाजूचं पातळ कापड, आणि त्याच्या पलीकडे ऊब. सरांची पाठ. तिथे ती वरखाली होत होती. सर श्वास घेत होते. घेत होते आणि सोडत होते, काही अडत नव्हतं, शीळ येत नव्हती. रापी त्याच्या दुसऱ्या हातात होती आणि तिचं टोक त्या भोकाच्या तोंडाशी होतं. आपण वाईट माणूस आहोत का, असा प्रश्न त्याला पडला नाही. त्याला एवढंच वाटलं की लाल दिवा लागला आहे आणि आता आत कुणी येणार नाही.

पडद्यावर शिडी आली. सभागृहात एकदम शांतता पसरली, मोठ्या उडीच्या आधी पोरं थांबतात तशी. "आता बघा हं," मास्तरीणबाई कुजबुजल्या, "इथे सगळ्यांनी मोठा श्वास घ्यायचा असतो. तुम्ही पण घ्या." यंत्र शिडी चढत होतं, पाठीवर खुळा, हिरवा दिवा मंद होत चाललेला. एक पायरी. आणखी एक. "थांब रे बाबा," ती म्हणाली. थांब रे बाबा, सभागृह म्हणालं. "जरा बसू दे." जरा बसू दे. आणि मग तो श्वास आला. तो एकटीचा नव्हता. शेकडो छात्यांनी एकदम तो आत ओढला, अडकवला, शेवटची शीळसुद्धा काढली. पाठ झाली होती त्यांना. एवढ्या माणसांनी तिचा श्वास घेतला आणि सगळ्यांनी तो हसत हसत परत सोडला. ती एकटीच त्यात राहिली. त्याला स्वतःला घेता आला नाही, सोडताही आला नाही. त्याची दोन बोटं खुर्चीच्या आत होती आणि बोटांना कळलं की पुढची पाठ हलत नाही. सगळ्या सभागृहात त्यांनी दोघांनीच तो श्वास घेतला नव्हता. हे कळलं आणि त्याचा रापीचा हात खाली आला. दया आली म्हणून नव्हे. रापीने भोसकलं असतं तर सर ओरडले असते, नुसते ओरडले असते, आणि ओरडण्यात शब्द नसतात. त्याला शब्द हवे होते. "उठा," तो म्हणाला.

सर उठले. त्यांचं डोकं प्रकाशाच्या झोतात आलं आणि सावली पडद्यावर पडली, विझत चाललेल्या हिरव्या दिव्यावर. "ओ, बसा की खाली!" "टोपी काढा!" "अहो साहेब, काचेचे आहात का?" पॉपकॉर्न उडाले. सरांनी तोंड उघडलं. तो मागून बघत होता. कानाखालचं हाड हललेलं त्याला स्पष्ट दिसलं. ते काही म्हणाले असतील तर एखादं अक्षर. कारण त्याच वेळी पडद्यावर खुळ्याने बंद पडलेल्या यंत्राला लाथ मारली, दिवा भपकन लागला, आणि यंत्र खणखणीत म्हणालं, "कुणी लाथ मारली रे?" सभागृह कोसळलं. तो आवाज तिचा नव्हता. तिच्यासारखा काढलेला होता, दुसऱ्या कुणा बाईचा, तरुण, दोन-तीन शब्दांत उघडा पडणारा. तिथून शेवटपर्यंत सगळी मावशी त्या दुसऱ्या बाईची होती आणि इतक्या वेळा पाहूनही हे कुणाला कळलं नव्हतं. लाथ मारली की उठते, एवढंच त्यांना माहीत. सर बसले. बसले ते पुढे सरकून, पाठ न टेकता, आणि दिवे लागेपर्यंत तसेच.

बाहेर जाताना ते त्याच्यापाशी थांबले. चेहरा धुतल्यासारखा पांढरा होता, केसांत एक पॉपकॉर्न अडकला होता. "सांगणार होतो," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलंत. पुढच्या रविवारी येतो, माइक घेऊन सांगतो. नक्की." "मी असेन," तो म्हणाला. मास्तरीणबाई छत्री शोधत होत्या. "ओळख आहे वाटतं तुमची?" त्या म्हणाल्या. "मग त्यांना विचारा ना, त्या बाई कोण? त्यांना एकदा बोलवायला हवं इथे. आम्ही डोक्यावर घेऊ त्यांना." त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते ओठांत धरलं, खिळ्यासारखं. आपण सांगितलं तर ही बाई हळहळेल, दहा जणांना सांगेल, सगळे एक मिनिट गप्प उभे राहतील आणि बायकोला मान मिळेल; आणि सर त्याच गर्दीत मान खाली घालून उभे राहतील, इतरांसारखेच. तसं नको होतं त्याला. ते त्यांच्याच तोंडून निघायला हवं होतं, त्याच अंधारात, त्याच हसणाऱ्या माणसांसमोर. "विचारतो," तो म्हणाला. दाराशी व्यवस्थापक भेटले. "ती चौथ्या रांगेतल्या खुर्चीची पाठ कुणीतरी फाडली हो. काय माणसं असतात! शिवून द्याल ना?" "देतो," तो म्हणाला. "बघू, करू. कुठे पळून चाललंय."

पुढच्या रविवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. त्याने फोन केला तर ते आजारी होते, मग परगावी होते, मग फोन वाजतच राहिला. तो मात्र दर रविवारी जातो. मास्तरीणबाई त्याची जागा धरून ठेवतात. पहिला अर्धा भाग तो तिचं बोलणं ऐकतो, एखाददुसऱ्या ठिकाणी हसतोही. शिडी आली की पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीत दोन बोटं घालून बसतो, आणि सगळे श्वास घेतात तेव्हा घेत नाही. लाथेच्या आधी उठून बाहेर जातो.

ती खुर्ची अजून शिवायची राहिली आहे, घरचीही राहिली आहे. आणि तो श्वास खरा होता, हे त्या सभागृहात अजून कुणी सांगितलेलं नाही.